तू ओरडला नाहीस

अक्रा, ३ फेब्रुवारी

एफो सेनानू,

फोनवर मला बंद केलंस ना? कर. कागदाला कसा बंद करशील? फार तर फ्रान्सच्या पोस्टमनवर कुत्रं सोडशील. म्हणून कागद. अक्षर आहे तसंच आहे, चिखलात कोंबडी चालल्यासारखं, तूच म्हणायचास.

आधी बरं ते सांगते. आई बरी आहे. तिचं मातीचं काम जोरात चाललंय. आपल्या गावच्या, आन्फोएगाच्या, बायका बाजारात मातीच्या अंड्यांची टोपली ठेवतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, "ही साधी माती समजू नकोस हं. आजवर पोटुशी बायकाच खायच्या, आता तेलाचा कारखाना खाणार!" तुझ्या मावशीनं, म्हणजे माझ्या आईनं, तुझा फोटो टोपलीवर लावलाय. गळ्यात टाय बांधलेला. लोक माती घेतात आणि फोटोला पण हात लावून जातात.

आता दुसरं.

लॅबमध्ये प्रोफ ओफेबियांना तुझा मातीचा निकाल परत काढून बघायचा होता. तुझ्यावर संशय नव्हता. तुझा लेख जिथे छापायचाय त्या लोकांनी म्हटलं, एकदा पुन्हा करून दाखवा. मग कपाटातून तुझी मातीच्या पावडरीची बरणी काढली. "आन्फोएगा" लिहिलेली, तोंडाला चिकटपट्टी, पट्टीवर तुझी झोकात सही. मोजणीच्या यंत्रावर आता नी ओदाई बसतो, तोच तो गा लोकांचा पोरगा, ज्याला मक्याचं केंके खायला दिलं की कुठलंही काम करतो. त्यानं पट्टी फाडली, पावडर घेतली, दाबून चकती केली. छान पांढरी, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. काचेच्या नळीत टांगली, हवा ओढून घेतली आणि तापवायला लावली, आधी पाणी उडवायचं म्हणून. तूच शिकवलंस ना, पाणी राहिलं तर ती माती खोटं बोलते.

चकती काळी पडली, एफो. आधी तपकिरी, मग कोळसा. पंप बंद करून नळी उघडली तर खोलीत वास सुटला. पिरिडीनचा, त्या कुजक्या वासाच्या रसायनाचा, नाही, ते अजून सोडलंच नव्हतं. जेवणाचा वास!

नी ओदाई नाक वर करून म्हणाला, "चाले, दोस्ता, ही माती आहे की कुणाच्या आईचं जेवण करपलंय?"

प्रोफनी बरणीत बोट घातलं, जिभेला लावलं. म्हणाल्या, "कोकोंते."

कसाव्याचं पीठ! अख्खी बरणी. आणि मग काय, सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वळणारच. खुर्चीच्या उशीखाली पिरिडीनचा बोळा कुणी ठेवला होता? यंत्राच्या मिठाच्या खिडकीवर फुंकर मारून चेहरा कुणी काढला होता? नव्या पोराला कुणी सांगितलं होतं की यंत्राला आधी गा भाषेत नमस्कार केला नाही तर ते चालत नाही? (तो अजून करतो.)

मी झाडू उचलला. सफाई करायची, चकत्या दाबायच्या, भांडी धुवायची, एवढंच माझं काम. ते काम तूच लावून दिलंस, तेही विसरले नाही.

तू प्रोफना एक ओळ लिही. काय लिहायचं ते तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. तू मोठा आहेस, एफो म्हणजे थोरला भाऊच ना, आधी तुझी पाळी.

तुझी,
जिबोर्दी

ता.क. पाकिटात थोडं कोकोंते घालणार होते, तुला आठवण येत असेल म्हणून. नी ओदाई म्हणाला, पांढरी पूड पाठवलीस तर विमानतळावर कुत्री तुझं नाव पाठ करतील.


अक्रा, १७ फेब्रुवारी

एफो,

तुझी ओळ आली. एक मागितली होती, तू चार पाठवल्यास. हात सढळ आहे तुझा.

प्रोफनी मला समोर उभं करून वाचून दाखवलं. "मी सील लावलं तेव्हा पावडर ठीक होती. जिबोर्दीला खोड्यांची सवय आहे. माझी सही ती हुबेहूब करते, हे सगळ्या लॅबला माहीत आहे. पण पोर लहान आहे, कृपा करून तिला फार शिक्षा करू नका."

शेवटचं वाक्य वाचताना प्रोफचा आवाज मऊ झाला. नी ओदाई पण म्हणाला, "भाऊ असावा तर असा." केवढ्या मोठ्या मनाचा रे तू! चोर पण तूच, वकील पण तूच.

माझ्या सहीचं खरं आहे. तुझी सही करून मी तीन वेळा कॅंटीनमधून तुझ्या नावावर वाके, चवळीचा भात, खाल्लाय. पण ती पट्टी मी चिकटवलेली नाही.

आता मी बोलते. इथे कुणापुढे नाही, तुझ्यापुढे.

कोकोंते मीच भरलं होतं. तू मोजायला बसणार त्याच सकाळी. आठवडाभर तू घरात नुसता माझा आंबटपणा, माझा आंबटपणा करत होतास. मी विचारलं होतं, "एफो, एवढं यंत्र कशाला? आपल्या बायका चाटून सांगतात की कुठली माती आंबट." तू मला गाढवीण म्हणालास आणि मग जेवता जेवता समजावून सांगितलंस. माती भाजायची, क्षारात शिजवायची, धुवायची, परत भाजायची, की तिला आतून इतकी बारीक भोकं पडतात की मुंगीच्या मिशीचं टोकसुद्धा शिरायचं नाही. त्या भोकांच्या भिंतीत कुठेकुठे आंबट जागा असतात, त्याच कारखान्यात जाड तेल फोडून पेट्रोल करतात. तिथे जीभ पोचत नाही, म्हणून पिरिडीनची वाफ पाठवायची. ती जाऊन आंबट जागेला चिकटते. मग न दिसणारा उजेड सोडायचा, इन्फ्रारेड, आणि कागदावर पंधराशे पंचेचाळीसच्या आकड्यावर टेकाड आलं की समजायचं, आहे, माल आहे. तुझे डोळे असे चमकत होते की मला वाटलं, ह्याची जरा गंमत केलीच पाहिजे.

म्हणून बरणीतली पावडर काढली, सगळीच्या सगळी, आणि कोकोंते भरलं. आणि गॅसच्या नळकांड्यांमागे बसले, तोंडात मूठ कोंबून.

तू आलास. बरणी उघडलीस. थांबलास. बोट घातलंस, वास घेतलास, जिभेवर ठेवलंस. एफो, कोकोंतेवर वाढलेली माणसं आपण. गरिबाचं जेवण म्हणून लोक ते भिंतीकडे तोंड करून खातात, त्याचं नावच 'भिंतीकडे तोंड' पडलंय, पण आपण दोघं दारात बसून खायचो. तुला कळलं नसेल असं होऊच शकत नाही.

मी वाट बघत होते. आता ओरडेल. "जिबोऽऽ, तुझ्या मायला!" असं, नेहमीसारखं, की खालच्या मजल्यावरचे शिपाई पण हसतील.

तू ओरडला नाहीस.

तू इकडेतिकडे बघितलंस, जरासा हसलास आणि झाकण लावलंस. मला वाटलं, हा आता डाव उलटवणार, रात्री माझ्याच ताटात घालणार. मी मागच्या दारानं पळाले. आणि दुपारी तू कागद नाचवत बाहेर आलास. पंधराशे पंचेचाळीसवर हे एवढं टेकाड! प्रोफनी तुला मिठी मारली. आईला फोन लावला, तर तिकडे बायकांनी बाजारातच ढोल काढला.

मी गाढवीण ना, मला वाटलं तू थोडी पावडर आधी बाजूला ठेवली असशील. पुढे तुझा व्हिसा आला, घरात नुसता नाच, आणि पावडर मागायला तू कधी आलाच नाहीस. मी पण म्हटलं, जाऊ दे, निकाल लागला ना.

पण ती पावडर माझ्याकडे आहे, एफो. मायलोच्या डब्यात, माझ्या खाटेखाली. चिमूटभर कमी नाही.

तर मग तू मोजलंस काय?

मला आता कळलंय. जर्मनीची बाटली, तयार पावडरीची, त्याच कपाटात असते, वरच्या फळीवर. ती नेहमीच टेकाड दाखवते, म्हणून तर विकत आणलीय, यंत्र नीट चाललंय का ते बघायला. बरणीत मात्र तू माझं कोकोंते तसंच ठेवलंस आणि वर सही केलीस. उद्या कुणी बरणी उघडली तर? जिबो आहेच की! माझी गंमत तू वाया जाऊ दिली नाहीस.

१० मार्चला चौकशी बसणार आहे. मला काढतील. नुसतं काढलं तर हरकत नव्हती. पण कागदावर लिहितील की ह्या पोरीनं आन्फोएगाची माती बुडवली, आणि ते मला जन्मभर गळ्यात बांधून फिरावं लागेल. तुझ्या हातात अजून आहे. लिही, की जिबोनं पावडर मोजणीच्या आधी बदलली होती आणि तुला माहीत होतं. पुढचं तुझं तू सांभाळ. मी डबा बाहेर काढणार नाही. तुझा घास मी हिसकावणार नाही. पण तू माझा हिसकावू नकोस.

जिबो


अक्रा, १ मार्च

एफो,

रविवारी तू आईला फोन करतोस. सोमवारी ती मला करते. म्हणजे तुझं पत्र मला तसं दर आठवड्याला मिळतंच, फक्त आईच्या आवाजात.

परवाचं ऐक.

"जिबो, माफी माग."

"आई, मी माती बुडवली नाही."

"कोकोंते कुणाचं होतं?"

"माझं."

"बरणीत कुणी भरलं?"

"मी."

"मग?"

आता सांग, ह्यावर काय बोलणार? शाळेत दोनदा नापास झाले पण इतका कठीण प्रश्न कधी आला नव्हता. मी म्हणाले, "आई, ते मोजणीच्या आधी भरलं होतं, नंतर नाही." ती म्हणाली, "आधी नि नंतर! करपलेलं करपलेलंच."

मग हळूच म्हणाली, "सेनानू म्हणत होता, जिबोचं काय जातंय? तिला सगळे ओळखतात. चार दिवस हसतील, विसरून जातील. त्याचं मात्र सगळंच जाईल. बहिणीनं एवढं करू नये का?"

तू म्हणालास हे? खरंच ह्याच शब्दांत? माझं काय जातंय?

सांगते काय जातंय. मागच्या शनिवारी गावाला गेले होते. मातीच्या खाणीवर बायका खाली खणत होत्या. मी वरून "दमला असाल गं" म्हणून नेहमीसारखा आवाज दिला. एकीनंही वर बघितलं नाही. टोपल्या वर येत होत्या, खाली जात होत्या, आणि मी कड्यावर उभी. मग म्हाताऱ्या आफेफानं, जिनं तुला नि मला दोघांना पाठीला बांधून फिरवलं, तिनं खालूनच विचारलं, "तुला हसायला दुसऱ्या कुणाची माती मिळाली नाही का गं?"

आईच्या टोपलीवर तुझा फोटो अजून आहे. पावसाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून वर प्लास्टिक लावलंय.

मी तुला शेवटचं विचारते. लिहितोस का?

मी अजून तोंड उघडलेलं नाही. नी ओदाई रोज विचारतो, "जिबो, आजारी आहेस का? आज कुणाच्याच बुटात काही नव्हतं."

जिबोर्दी


अक्रा, ११ मार्च

एफो,

तू लिहिलं नाहीस.

काल चौकशी होती. प्रोफ, दुसरे दोन साहेब आणि मी. बसणार एवढ्यात दार वाजलं. आई!

पहाटेच गावाहून त्रोत्रोत, त्या खच्चून भरलेल्या गाडीत, बसून निघालेली. अंगावर चर्चचं कापड, डोक्यावर टोपली, हातात बाटली. आपल्याकडे माफी रिकाम्या हातानं मागत नाहीत, तशी तिनं श्नॅप्सची, दारूची, बाटली आणली होती, सील न फोडलेली. तिनं दारात चपला काढल्या आणि गुडघ्यांवर बसली. थंडगार फरशीवर, त्या दोन साहेबांच्या बुटांसमोर.

"पोरीला बाप नाही," म्हणाली. "मीच वाढवली, म्हणजे चूक माझी. ही बाटली घ्या आणि तिला मोकळं करा. तिच्या थोरल्या भावानंही शब्द टाकलाय तिच्यासाठी. देवमाणूस आहे तो. एवढ्या लांब जाऊनही बहिणीला विसरला नाही."

प्रोफ घाईनं उठल्या. "आईबाई, उठा आधी. ही बाटली मी घेतली तर गुन्हा झाला असं ठरेल. अजून ठरलं नाही."

आई उठेना. टोपलीतली मातीची अंडी काढून टेबलावर मांडत बसली, एकेक पुसून. प्रोफनी एक उचललं, कोपरा मोडून तोंडात टाकला. आमचं टेबल, आमचे कागद, आणि प्रोफ माती चावतायत. म्हणाल्या, "माझ्या दुसऱ्या पोराच्या वेळी मी रोज खायचे ही."

एफो, मला वाटलं होतं मी सहन करीन. मला काढलं असतं तरी केलं असतं, खरंच. पण ती तुझं नाव घेऊन गुडघ्यांवर बसली होती. तुझं नाव घेऊन!

मी म्हणाले, "प्रोफ, अर्धा तास द्या." आणि पळाले. मोटारसायकलवाल्याला म्हटलं, उडव. खाटेखालून मायलोचा डबा काढला. परत आले तेव्हा आई खुर्चीवर बसली होती, बाटली मांडीवर.

मी डबा टेबलावर ठेवला, मातीच्या अंड्यांच्या मधोमध.

"ह्यात काय आहे, पोरी?"

"आन्फोएगा, प्रोफ. खरी. मोजणीच्या सकाळी मी काढून घेतली ती."

आणि मग सगळं सांगितलं. नळकांडी, मूठ, झाकण, हसू, सगळं. एक साहेब म्हणाला, "म्हणजे तू कबूल करतेस की तू नमुन्याला हात लावलास?" म्हटलं, "हो साहेब, तेच तर सांगतेय. मी हात लावला म्हणूनच कळतंय की त्यानं लावला नाही."

प्रोफनी डबा उघडला, आत बघितलं. मग म्हणाल्या, "आज काही ठरणार नाही. नी ओदाईला बोलवा."

मी तुला वचन दिलं होतं डबा काढणार नाही म्हणून. मोडलं. आता आपली फिट्टंफाट झाली असं समजू नकोस.

जिबोर्दी


अक्रा, २० मार्च

सेनानू,

आधी जर्मनीची बाटली. नी ओदाईनं तिची चकती केली, मोजली, आणि तुझा गाजलेला कागद पडद्यावर तिच्यावर ठेवला. पंधराशे पंचेचाळीसचं टेकाड, त्याच्या बाजूचं लहान, खालच्या वळणावरचा खड्डा, सगळं एकावर एक. एकाच चपलेचे दोन ठसे. नी ओदाईनं तोंडातलं च्युइंगगम काढून कागदात गुंडाळलं.

मग माझा डबा. प्रोफनी आधी एक्स-रेवर तपासला. पावडर बनवली तेव्हा तू जो आलेख काढला होतास तो हुबेहूब जुळला. म्हणजे ही तीच. तू स्वतः भाजलेली, शिजवलेली, धुतलेली.

आई ह्यासाठी मुद्दाम अक्रातच थांबली होती. लॅबमध्ये स्टुलावर बसली, पाय लटकवून. चकती नळीत टांगली, तापवली. पांढरी राहिली. कोळसा नाही, वास नाही. मग पिरिडीन सोडलं. नळी जोडताना थोडं निसटलं, तर आईनं नाकाला कापड लावलं, "केटाच्या किनाऱ्यावरचे मासे कुणी कुजवले गं इथं?" नी ओदाई म्हणाला, "मावशी, हे मासे लाखाचे आहेत."

नंतर जास्तीचं पिरिडीन ओढून काढायचं, तापवत तापवत. नुसतं पाहुणं म्हणून आलेलं असतं ते निघून जातं, आणि जे आंबट जागेनं धरून ठेवलं तेवढंच मागे राहतं. मी मूठ तोंडात घातली होती, सवयीनं.

पडद्यावर रेघ सरकत आली. सोळाशे. पंधराशे ऐंशी. पंधराशे साठ.

आणि उचलली, सेनानू.

तुझ्या जर्मन डोंगराएवढी नाही. वारुळाएवढी. पण बरोबर पंधराशे पंचेचाळीसवर, जिथे यायला हवी तिथेच. प्रोफ म्हणाल्या, "दुसरी चकती." तिच्यातही आली. "तिसरी." आली.

प्रोफनी चष्मा काढला. माझ्याकडे नाही, आईकडे बघून बोलल्या. "आईबाई, तुमच्या मातीत आहे. थोडं आहे, पण वाढवता येईल. तुमचा पोरगा एवढं घेऊन जरी माझ्याकडे आला असता ना, मी ह्यावरच त्याला फ्रान्सला पाठवला असता."

ऐकलंस? ह्यावरच!

एकदा ओरडायचं होतं. "जिबो, पावडर दे." मी हसत हसत दिली असती, तू माझ्या डोक्यात टपली मारली असतीस, आणि संध्याकाळपर्यंत हे वारूळ तुझं झालं असतं. पण तुला वाटलं नाही की आपल्या मातीत काही असेल. बघायची पण गरज वाटली नाही. गावभर ढोल वाजवून घेतलास आणि ज्या मातीसाठी ढोल, तिला तू यंत्राच्या आत पाऊलसुद्धा टाकू दिलं नाहीस. माझ्याशी केलंस ते एक. पण हे?

प्रोफ तुझ्या तिकडच्या साहेबांना लिहिणार आहेत. मी म्हटलं नाही लिहा म्हणून, लिहू नका असंही म्हटलं नाही. माझ्या कागदावरून "माती बुडवली" काढलंय. त्याजागी "खोडकर" लिहिलंय, ते खरंच आहे. शिक्षा म्हणून ईस्टरपर्यंत सगळी काचेची भांडी मी एकटीनं धुवायची आणि ह्या इमारतीत खायचं काहीही पीठ आणायचं नाही.

आई गावाला जाईपर्यंत माझ्या खोलीवर राहिली. तुझ्याबद्दल एकच विचारलं.

"त्यानं बरणी उघडली तेव्हा त्याला वास आला होता?"

"आला होता. चाखून पण बघितलं."

"आणि तो ओरडला नाही?"

"नाही."

मग ती उठली. टोपलीवरून तुझा फोटो काढला. फाडला नाही. उलटा करून माझ्या कपाटात कपड्यांखाली ठेवला. चूल पेटवली, पाणी उकळलं, कोकोंते घोटलं, शिजून काळंभोर, गुळगुळीत, शेंगदाण्याच्या रश्शात. दोघींनी एका ताटात खाल्लं.

दार उघडं होतं. आम्ही दाराकडे तोंड करून बसलो, रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसेल असं. येणारा-जाणारा म्हणत होता, "वा, काय चाललंय!" आई म्हणत होती, "या, बसा."

भिंतीपाशी जागा रिकामी आहे. ती तुझ्यासाठी सोडलीय.

जिबोर्दी